विलूसाठी देवीशी मांडलेलं भांडण

देवीचा अनुभव सांगताना लोक आधी आपल्या भक्तीविषयी सांगतात. मला ते जमणार नाही, कारण माझ्या अनुभवाची सुरुवातच भांडणाने झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ‘तुझी देवीवर श्रद्धा आहे का’ असं त्या वेळी मला कोणी विचारलं असतं, तर मी सरळ सांगितलं असतं, की आधी तिला जाऊन विचारा तिची माझ्यावर माया आहे का. घरात सासूबाईंच्या वेळचा देव्हारा होता. त्याची पूजा हे करायचे. मी फक्त फुलं आणून ठेवायची. पुढेपुढे तीही आणेनाशी झाले.

भांडणाचं कारण माझा धाकटा भाऊ. विलास त्याचं नाव, घरात विलू. आई त्याच्या वेळी फार अडली होती. तो जन्मल्यावर उशिरा रडला, उशिरा मान धरली, उशिरा चालला, आणि बोलायला जवळजवळ शिकलाच नाही. ‘ताई’, ‘भात’, ‘नको’ असे मोजके शब्द, बाकी सगळं हातांनी आणि आवाजांनी. गुहागरकडच्या आमच्या गावी आईने त्याला सांभाळला. गावात तो कोणाला नवा नव्हता. अंगणात बसून एका टोपलीतल्या सुपाऱ्या दुसऱ्या टोपलीत टाकायचा, पुन्हा पहिलीत टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायचा. आई गेली तेव्हा तो तिशीला टेकला होता, अंगाने चांगला दणकट. तेराव्याला सगळे जमले होते. दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, म्हणाला, “त्याचं काय करायचं ते सावकाश ठरवू.” मी म्हटलं, “ठरवायचं काय त्यात? तो माझ्याबरोबर येतोय.” ह्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित धीर सुटला असता. हे शांतपणे म्हणाले, “त्याच्या कपड्यांची पिशवी कुठे आहे?” मला नवरा कसा मिळाला, हे मला त्या एका वाक्यात कळलं.

नेरूळला आमचा दुसऱ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट होता. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत. मूलबाळ नव्हतं. ह्यांनी कंपनीत सांगून कायमची दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी विलूजवळ हे आणि संध्याकाळी मी. मधल्या दोन-तीन तासांसाठी शेजारच्या मावशी येऊन बसत. कागदावर सगळं छान जमत होतं. विलूला मात्र ते जमलं नाही. अंगण गेलं, सुपाऱ्या गेल्या, आई गेली, आणि त्यातलं काहीच त्याला कोणी समजावून सांगू शकत नव्हतं. त्यात आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. तो सुरू झाला की विलू दोन्ही कानांवर हात दाबून ओरडायचा. पहिले काही महिने नुसतं ओरडणं होतं. मग तो स्वतःचं मनगट चावू लागला. मग आमचं. जेवणाचं ताट भिंतीवर जायचं. पुढे तो डोकं आपटू लागला, भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, इतकं की मी चौकटीला जुनी गोधडी गुंडाळून बांधली. कचेरीत मी उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचे ब्लाउज घालून जायची. कोणी विचारलं तर ‘ऊन सोसत नाही’ म्हणायची.

वाशीच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही त्याला नेत होतो. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा आणि जाग आली की पुन्हा तेच. मी एकदा त्यांना वैतागून विचारलं, “हा असाच राहणार का?” त्या म्हणाल्या, “त्याच्याकडे शब्द नाहीत, म्हणून हात चालतो. तो काहीतरी सांगतोय. काय ते आपल्याला अजून कळलेलं नाही. आणि आज जसा आहे तसाच कायम राहील, असं धरून चालू नका. अशा माणसांचं वागणंही वयाबरोबर बदलतं.” चांगल्या होत्या बाई. पण मला ते तेव्हा नुसतं धीर देण्यासाठी बोललेलं वाटलं. माझ्या घरात बदलत होतं ते वाईटाकडून आणखी वाईटाकडे.

आणि मग जिन्यातला तो प्रकार झाला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर. त्यांचे वडील, अप्पा, सकाळी दूध घेऊन वर येत होते. मी विलूला खाली नेत होते. त्याने माझा हात झटकला आणि अप्पांना ढकललं. म्हातारा माणूस, चार पायऱ्या खाली गेला. मनगट मोडलं. मी त्याच पावली त्यांच्या घरी गेले, अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. दवाखान्यात त्यांच्याबरोबर हे गेले. पण त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग भरली आणि विषय एकच होता.

पाटणकर म्हणाले, “वहिनी, आम्हाला वाईट वाटतं. पण इथे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. उद्या कोणाचा जीव गेला तर? त्याची दुसरीकडे कुठेतरी सोय करा. आम्ही महिनाभर थांबतो. मग आम्हाला पोलिसांत जावं लागेल.”

मागून कोणीतरी म्हणालं, “अशांसाठी जागा असतात ना. तिथे ठेवायचं. सगळ्यांना कशाला टेन्शन?”

मी उठून उभी राहिले. आवाज निघाला तो खणखणीत. “अप्पांना लागलं, त्याची माफी मी त्यांच्या पायाशी मागितली आहे, अजून मागेन. त्याला एकट्याला जिन्यात सोडणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही सांगाल त्या वेळी त्याला बाहेर काढीन, सांगाल त्या वेळी आत घेईन. पण तो इथून जाणार नाही. पोलिसांना बोलवा. त्यांनाही हेच सांगेन. तो माझा भाऊ आहे आणि हे त्याचं घर आहे.”

सगळे ह्यांच्याकडे बघू लागले. बायको तापट आहे, नवरा तरी समजूतदार असेल, अशी त्यांची कल्पना असावी. हे म्हणाले, “ती बोलली तेच माझं.” आणि खुर्ची उचलून कडेला ठेवली.

मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी दादा आला. त्याने दूरच्या एका देवस्थानाचं ऐकलं होतं. तिथे अशा माणसांना आवारात खांबाला बांधून ठेवतात, देव अंगातली बाधा उतरवतो, मग माणूस गाईसारखा गरीब होतो म्हणे. तो मनापासून सांगत होता, त्याच्या मनात पाप नव्हतं. पण ‘बांधून’ हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. “दादा, त्याला बांधायचं असेल तर शेजारच्या खांबाला आधी मला बांध. आणि ज्या देवाला साखळदंडाशिवाय माणूस सांभाळता येत नाही, त्याच्या पाया मी पडणार नाही.” दादा चहा अर्धा टाकून गेला. कितीतरी दिवस आमचं बोलणं बंद होतं.

आता देवीकडे येते. संध्याकाळी कचेरीतून आले की मी विलूला सारसोळ्याच्या बाजूला खाडीवर फिरायला न्यायची. तिकडे तेव्हा मोकळं होतं. तिवरं, चिखलात कललेल्या होड्या, दोरीवर वाळत घातलेली जाळी. ठोकाठोकीचा आवाज तिथवर येत नसे. पाण्याकडे बघत तो उभा राहायचा, ती माझीही तेवढी एक विसाव्याची वेळ. वाटेत गावदेवीचं लहानसं देऊळ होतं. मीटिंगनंतरच्या मंगळवारी माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी त्याला घेऊन आत गेले. माझं मन भरून आलं होतं, कोणापुढे तरी ते मोकळं करायचं होतं. पण आत कोणीतरी घंटा वाजवली. विलूने डोळे घट्ट मिटले, जोरात हंबरडा फोडला आणि मनगट तोंडात घातलं. समोरच्या बाईच्या हातातलं पूजेचं ताट पडलं. ती आमच्याच वसाहतीतली होती, मला तोंडओळखीची. “अहो, अशांना देवळात कशाला आणता?” ती म्हणाली, “बाकीच्यांनी दर्शन घ्यायचं की नाही?”

मी विलूला बाहेर आणलं. तो शांत झाल्यावर देवळाच्या दारासमोर, रस्त्यावरच उभी राहिले. तिथून मूर्ती दिसत होती. तिच्याकडे बघून मी मनात म्हटलं, “तुझ्या दारातूनही त्याला घालवलं. सोसायटी घालवते, दादा घालवतो, आता तूही. ठीक आहे. त्याला आत जागा नसेल तर मलाही नको. पण मी जाणारही नाही. दर मंगळवारी येईन, इथेच उभी राहीन, तुझ्या डोळ्यांसमोर. हात जोडणार नाही. बघू तू किती दिवस बघत बसतेस.”

आणि मी खरंच जाऊ लागले. दर मंगळवारी विलूचा हात धरून दाराबाहेर उभी. आतली माणसं बघायची, कुजबुजायची. मी मान खाली घातली नाही.

असं किती वेळा झालं ते आठवत नाही, पण महिना संपत आला होता आणि पाटणकर जिन्यात भेटले की घड्याळाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते. त्या मंगळवारी एक म्हातारी कोळीण देवळातून बाहेर आली आणि माझ्यासमोर थांबली. हिरवं लुगडं, केसांत आबोलीचा गजरा, चेहरा उन्हाने रापलेला. तिला मी आधी पाहिलं होतं, बोललो कधी नव्हतो.

“बाय, तू दर मंगलवारी येतेस नि भाईरच उबी ऱ्हातेस,” ती म्हणाली. “हात पन जोडत नाय. कुनावर रागावलेस?”

“तिच्यावर,” मी म्हटलं आणि आत बोट दाखवलं.

मला वाटलं, आता ती चार शब्द सुनावेल. ती हसली. “मंग बराबर हाय. मी पन लय वरसं रागावलेली व्हते तिच्यावर.”

तिने विलूकडे पाहिलं. त्याचं मनगट सुजलेलं, काळंनिळं. मग तिने माझ्या बाहीकडे पाहिलं, आणि काही न विचारता स्वतःच्या हातावरच्या बांगड्या कोपराकडे सारल्या. तिच्या हातावर, मनगटापासून वरपर्यंत, दातांचे वण होते. जुने, पांढुरके पडलेले, सुरकुत्यांत मिसळून गेलेले, पण माझ्यासारख्या बाईला ते ओळखायला वेळ लागला नाही. मी माझी बाही वर केली. रस्त्यात, भर संध्याकाळी, आम्ही दोघी एकमेकींचे हात बघत उभ्या होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं.

“तो बग माजा हिरा,” ती म्हणाली. थोड्या अंतरावर पालथ्या घातलेल्या होडीवर एक माणूस बसला होता. पन्नाशीच्या आसपासचा, केस पिकलेले, अंगात धुतलेला स्वच्छ शर्ट. दोरीचा एक तुकडा बोटांवर गुंडाळत होता आणि सोडत होता. “तुज्या भावासारकाच. याच्या वयाचा व्हता तवा दोन मानसांना आवरायचा नाय. आता बसतो गप. कंदी मदी रागावतो, नाय असं नाय. पन मानूस म्हातारा व्हतो तसा त्याचा राग पन म्हातारा व्हतो.”

“काय केलंत तुम्ही?” मी विचारलं.

“काय करनार? जवल ऱ्हायले.” तिने खांदे उडवले. “त्यो बदलला नि मी पन बदलली. आदी कोन, ता त्या आयला ठावं.”

तिचं नाव काशीबाय. तिने मला उपाय सांगितला नाही, व्रत सांगितलं नाही. हातात प्रसादाचं खोबरं होतं, ते माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला. “तुला नको तर नको. तुजा राग हाय. त्याचा थोडीच हाय? त्याला दे.” असं म्हणून तिने खोबऱ्याचा तुकडा विलूच्या हातावर ठेवला.

खोबरं म्हणजे कोकणातल्या पोराचा जीव की प्राण. विलूचा चेहरा उजळला. त्याने तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि दुसऱ्या क्षणी तो थुंकून किंचाळला. मुठीने स्वतःच्या गालावर मारू लागला. उजव्या गालावर, पुन्हा पुन्हा उजव्याच. त्याचे हात धरता धरता माझ्या डोळ्यांसमोरून गेले कितीतरी महिने सरकले. चौकटीवर तो आपटायचा ती डोक्याची उजवी बाजू. ताट भिरकावायचा ते पहिल्या घासानंतर. मऊ भातावर कधीच नाही, पोळीवर, काकडीवर, शेंगदाण्यावर. आवाज आणि आई यांच्या पलीकडेही काहीतरी होतं, आणि ते त्याच्या तोंडात होतं.

रात्री हे पाळीवरून आल्यावर मी बॅटरी धरली आणि ह्यांनी त्याचं तोंड उघडलं. ह्यांचं बोट चावून रक्तबंबाळ झालं, पण आम्ही पाहिलं. मागची एक दाढ पार किडून काळी पडली होती, हिरडी टरारून फुगली होती. किती दिवस तो ते सोसत होता देव जाणे. ज्याच्याकडे ‘दुखतंय’ हा शब्दच नाही, तो दुखणं सांगणार कसं? तो दिवसातून दहा वेळा सांगत होता आणि आम्ही त्याला आवरत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एरवी दाताचे डॉक्टर अशा माणसाला हात लावायला तयार होत नसत. बाईंनी स्वतः फोन फिरवले आणि एका मोठ्या दवाखान्यात त्याला भूल देऊन दाढ काढायची सोय केली. “ही गोष्ट मी आधीच तपासायला हवी होती,” त्या मला म्हणाल्या. एवढं सरळ बोलणारे डॉक्टर मी थोडेच पाहिले आहेत.

सूज उतरली आणि विलूचं डोकं आपटणं थांबलं. एकदम थांबलं, जणू कोणी नळ बंद करावा. चौकटीची गोधडी मी बरेच दिवस काढली नाही. माझाच विश्वास बसत नव्हता.

मुदत संपल्यावर पाटणकर दारात आले. मी दार सताड उघडलं. “आत या, चहा घ्या आणि त्याला बघा. मग काय ते बोला.” ते उंबऱ्यावरच घुटमळले. त्यांच्या मागून अप्पा पुढे आले, हात गळ्यात बांधलेला, आणि सरळ आत येऊन बसले. मी त्यांना दाढेचं सांगितलं. विलू कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता. अप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि मुलाला म्हणाले, “दाढदुखी काय असते ते तुला माहीत नाही. माझी दुखत होती तेव्हा तुझी आई समोर आली असती तर मी तिलाही ढकललं असतं. बस खाली, चहा घे.” पाटणकर बसले. पोलिसांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मी हा चमत्कार होता असं म्हणत नाही. कोणी म्हणेल, खोबरं कडक असतं, दाढ दुखणारच. बरोबर आहे. कोणी म्हणेल, कधीतरी कळलंच असतं. तेही बरोबर असेल. मला एवढंच माहीत आहे, की मी देवीच्या दाराबाहेर हट्टाने उभी होते, तिच्याकडून काही घ्यायला तयार नव्हते, आणि आतून माझ्याकडे माणूस आलं.

विलू काही गाईसारखा गरीब झाला नाही, हेही सांगायला हवं. लोकांना गोष्ट तिथे संपलेली आवडते. डोकं आपटणं गेलं, चावणं कमी झालं, पण गेलं नाही. नवी इमारत सुरू झाली की ते परत यायचं. मग आम्ही शोधून काढलं, की ठोकाठोकी सुरू व्हायच्या आधी त्याला खाडीकडे नेलं तर दिवस बरा जातो. पुढच्या वर्षी चावणं जवळजवळ थांबलं आणि कपडे फाडणं सुरू झालं. मी हताश झाले, पण आता विचारायला शिकले होते. नव्या टेरीकॉटच्या शर्टाने त्याच्या अंगाला खाज यायची. जुने सुती शर्ट घातले आणि तेही ओसरलं. त्यानंतर त्याने चपलांचं काढलं. मजल्यावरच्या सगळ्या घरांबाहेरच्या चपला गोळा करून जिन्यात रांगेने लावून ठेवायचा. शेजारी आधी वैतागले, मग सवयीचे झाले, आणि एकदा पाटणकरांना मी जिन्यातून ओरडताना ऐकलं, “विलास, माझी काळी कुठे लावलीस?” विलूने ती नेमकी उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. आधी ज्याला आम्ही त्रास म्हणायचो ते असं हळूहळू रूप बदलत गेलं. काही गोष्टींची कारणं सापडली. काहींची कधीच सापडली नाहीत, त्या आपोआप गेल्या. काही आजही आहेत. मला उशीर झाला की तो अजूनही मनगट तोंडात धरतो, पण दात रोवत नाही. नुसतं धरून बसतो.

काशीबाय आणि मी मंगळवारी भेटत राहिलो. ती आत जायची, मी बाहेर. तिने मला कधी आत ओढलं नाही. एका मंगळवारी देऊळ रिकामं होतं, घंटा गप्प होती. हिरा होडीवरून उठला, आला, आणि विलूचा हात धरून त्याला आत घेऊन गेला. का, ते त्या दोघांनाच ठाऊक. विलू पहिल्या पायरीवर थांबला, मग गेला. देवीसमोर दोघं उभे राहिले, हातात हात. मला बाहेर थांबायला आता कारण उरलं नव्हतं. मी आत गेले. हात जोडायचे का, असा विचार करते तोवर ते जोडले गेले होते. पण मी तिला सांगितलं, “तुझं-माझं मिटलं असं समजू नकोस. आज तू त्याला घेतलंस, म्हणून मी आले.”

दशक सरता सरता काशीबाय गेली. चार दिवस ताप, आणि गेली. हिरा तेव्हा साठीकडे झुकला होता. मी भेटायला गेले तेव्हा घरात रडारड नव्हती, भीती होती. हिरा ओरडत होता. भांडी फेकत होता, सोबत राहणाऱ्या पुतण्याच्या बायकोला चावला होता. पुतण्या मला म्हणाला, “ताई, येवढी वरसं गप व्हता वो. आता म्हातारपनी याला काय झालं?”

“त्याची आई गेली,” मी म्हटलं, “ते झालं.”

“डाक्टर म्हनतो कुटं नेऊन ठेवा.”

“नाही ठेवायचं,” मी म्हटलं. हे माझं घर नव्हतं, मला हक्क नव्हता, पण मी तसं बोलले. “मी रोज येते. विलूला घेऊन येते. तुम्ही दमाल तेव्हा मी बसेन. हे असंच राहणार नाही. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, पण हे असंच राहणार नाही.” बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी डॉक्टरीणबाईंचं वाक्य बोलत होते, आणि आता मला ते नुसता धीर देण्याचं वाटत नव्हतं.

रोज मी कचेरीतून आल्यावर आम्ही दोघं तिकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी हिराने पेला भिरकावला तेव्हा विलू घाबरून बाहेर पळाला. मी हिराजवळ बसून राहिले. थोड्या वेळाने विलू दारात आला. भिंतीला पाठ घासत घासत हिरापर्यंत गेला आणि त्याच्या शेजारी खाली बसला. हिरा रडत होता, नाकडोळे वाहत होते. विलूने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याला हातही लावला नाही. हिरा हलत होता तसा फक्त तोही हलत राहिला, पुढे-मागे, पुढे-मागे. कितीतरी वेळाने दोघं हळूहळू थांबले. विलूच्या तोंडून ‘ताई’, ‘भात’ आणि ‘नको’ यांच्या पलीकडचा शब्द मी वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता. त्या संध्याकाळी तो हिराकडे बोट दाखवून म्हणाला, “आई.” आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुन्हा, “आई.” आमची आई जाऊन इतकी वर्षं झाली होती. त्याच्या आत ती गोष्ट कुठे होती, कशी होती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्याला सांगायला माणूस हवा होता, ज्याला ते कळेल.

हिराला सावरायला बराच काळ गेला. तो पूर्वीसारखा झाला नाही. मधूनच उठून दाराबाहेर बघत राहतो. पण ओरडणं गेलं, आणि पुतण्याने त्याला कुठे नेलं नाही.

लोक मला विचारतात, इतकं सगळं सोसून तुम्ही देवीला मानता कशा? मानते. ऋण आहे तिचं. तिने दिलेली माणसं मी मोजू लागले तर मला माझी लाज वाटते: हे, काशीबाय, डॉक्टरीणबाई, अप्पा, हिरा, आणि सगळ्यांच्या आधी विलू, ज्याला मी सांभाळते असं मला फार वर्षं वाटत होतं. शरण जाणं म्हणजे काय, तेही थोडं कळलंय. उद्या विलू कसा वागेल ते मी ठरवत नाही. वय वाढेल, त्याचं काहीतरी सुटेल, काहीतरी नवं येईल, मी नसेन तेव्हा काय होईल तेही मला माहीत नाही. ते सगळं मी तिच्या पायाशी ठेवलं आहे आणि आता रात्री शांत झोपते. फक्त तिला एक सांगून ठेवलं आहे. आई, तू देशील ते घेईन, नेशील तिकडे येईन. पण त्याला कुठेतरी सोडून ये, असं मात्र मला कधी सांगू नकोस. तेवढं एक मी तुझंही ऐकणार नाही. मूर्तीचा चेहरा तेव्हा बदलत वगैरे नाही. पण तीही कोणाची तरी आईच आहे, आणि मला वाटतं, माझ्याकडून तिची अपेक्षाही हीच असावी, की तेवढं एक मी तिचंही ऐकू नये.